इंदूरहून क्रूझवर जाताना: आधी आजारपणाचा दिवस आखा, मग सुट्टी

फेब्रुवारी २०२२ ची अखेर होती, कोविडच्या ओमिक्रॉन प्रकाराची लाट ओसरत आली होती. दोन वर्षं घरात कोंडलेल्या माणसांना मोकळ्यावर जायचं होतं. माळव्यात समुद्र नाही, म्हणून जहाजाची ओढ आपल्याला जरा जास्तच. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ओळखीच्या घरांतून मला तेव्हा एकच विचारणा होत होती: मुंबईहून गोव्याला जाणारं ते क्रूझ करावं का, आणि करायचं तर कसं? ओळखीच्यांच्या सहली मी आखून देते, त्यामुळे प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. इथले कोविडचे नियम फेब्रुवारी २०२२ च्या अखेरचे आहेत, आताचे नाहीत. निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा तपासा.

जहाजावर मजा कशी करायची हे कुणी सांगावं लागत नाही. आखावा लागतो तो एकच दिवस, तुमच्यापैकी कुणाचा तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल तो. तो इंदुरात निघण्याआधी येऊ शकतो, मुंबईच्या बंदरावर येऊ शकतो, भर समुद्रात येऊ शकतो किंवा घरी परतल्यावर येऊ शकतो. या चारही ठिकाणी कोण कुठे राहील, कोणाजवळ कोण थांबेल आणि पैसे कोण भरेल, हे घरात बसून ठरलं असेल तर खुशाल निघा. ठरलं नसेल तर तिकीट काढू नका.

जहाजाचीच एवढी काळजी का

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकलं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर एकूण १३८ भारतीय होते, बहुतेक सगळे तिथले कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलीत बसवलं, पण जेवण पोचवणारे, साफसफाई करणारे कर्मचारी एकाच खोलीत दोघं-तिघं राहत होते, एकत्र जेवत होते. बाधितांपैकी जवळपास निम्म्यांना चाचणीच्या वेळी काहीच लक्षणं नव्हती. माझ्या मते या प्रसंगातून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच: शेजारच्या टेबलावर खोकणाऱ्या माणसापासून आपण लांब सरकतो, पण धोका न खोकणाऱ्याकडूनही असतो.

दुसरं उदाहरण त्यानंतरचं. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझच्या जहाजावर सुमारे दोन हजार माणसांच्या तपासणीत ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाजाला मुंबईला परत पाठवण्यात आलं. चाचणी आणि लसीकरणाचे नियम असूनही हे घडलं. चाचणीत त्या क्षणाची स्थिती कळते. आदल्या दिवशी लागण झाली असेल तर ती तिच्यात दिसत नाही.

आधी घरात बसून ठरवा, कोण जाणार

दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेले, दमा-मधुमेह-हृदयविकार नसलेले, पन्नाशीच्या आतले लोक असतील तर मी हो म्हणते. साठीच्या पुढे असाल आणि काही आजार असेल, तर दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने होऊन प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, घेतल्याशिवाय निघू नका. तो डोस १० जानेवारी २०२२ पासून सुरू झाला होता. डायलिसिस, ऑक्सिजन, केमोथेरपी चालू असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर नकोच. जहाजावर दवाखाना असतो, रुग्णालय नसतं. गंभीर रुग्णाला बंदरावर नेईपर्यंत जे तास जातात, ते कोणताही कॅप्टन परत मिळवून देऊ शकत नाही.

मुलांचं गणित वेगळं आहे. १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली. पहिल्याच दिवशी डोस घेतला असेल तर २८ दिवसांनी, म्हणजे ३१ जानेवारीला दुसरा, आणि त्यावर दोन आठवडे धरले तर ते मूल फेब्रुवारीच्या मध्यापासून तयार. जानेवारीच्या शेवटी पहिला डोस घेतलेल्या मुलांसाठी मार्चचा मध्य उजाडेल. पंधराच्या आतल्या मुलांना तेव्हा लस नव्हती. कंपनी चाचणीवर त्यांना घेते का, ते विचारा. ती मुलं आजारी पडली तर बहुधा सौम्यच पडतील, पण त्यांच्याबरोबर आईला किंवा बाबांना खोलीत बंद व्हावं लागेल, हे धरूनच चाला.

आपल्याकडे बहुतेक घरांत आजी-आजोबा बरोबर राहतात. ते जहाजावर येणार नसले तरी तुम्ही परत त्यांच्याजवळच येणार आहात. दोन-तीन रात्रींच्या छोट्या सफरीत लागण झाली तर लक्षणं बहुधा जहाजावर दिसत नाहीत, ती इंदुरात दिसतात. ओमिक्रॉनला लागणीपासून लक्षणांपर्यंत साधारण तीन दिवस लागतात. म्हणजे छोटी सफर जहाजावरच्या अडचणी कमी करते, पण धोका तुमच्या दिवाणखान्यात आणून सोडते. परतल्यावर आठवडाभर आजी-आजोबांनी वेगळ्या खोलीत राहायची किंवा काकांकडे जायची सोय होत असेल, तरच पुढचं वाचा.

जानेवारी २०२२ मध्ये ज्यांना कोविड होऊन गेला, त्यांच्यासाठी एक खास सूचना. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर काही आठवडे, कधीकधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. शरीरात उरलेले विषाणूचे निर्जीव तुकडेही ती चाचणी पकडते. तुम्ही ठणठणीत असाल, कुणाला संसर्गही देणार नाही, पण बंदरावरच्या माणसाला कागद दिसतो. पॉझिटिव्ह आलेला जुना रिपोर्ट आणि डॉक्टरांचं बरे झाल्याचं पत्र चालतं का, हे बुकिंगआधी कंपनीकडून लेखी घ्या. चालत नसेल तर एप्रिलपर्यंत थांबा.

तिकीट काढण्याआधी ईमेलवर विचारायचे प्रश्न

फोनवर सगळे "हो हो, होऊन जाईल" म्हणतात, म्हणून प्रश्न ईमेलवर विचारायचे. इंदुरात निघण्याआधी पॉझिटिव्ह आलो तर पैसे परत मिळतात की पुढच्या सफरीसाठी जमा राहतात? जमा राहत असतील तर किती महिने? एकट्या रुग्णाचे की एका खोलीतल्या सगळ्यांचे? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असेल तर बायको एकटी क्रूझवर जाणार नाही, पण तिचं तिकीट तिने "स्वेच्छेने" रद्द केलं असं धरलं जाऊ शकतं.

पुढचे प्रश्न समुद्रातले. जहाजावर कुणी बाधित निघाला तर त्याला कुठे ठेवतात? विलगीकरणाच्या खोल्या वेगळ्या आहेत का? औषधांचं, जादा राहण्याचं बिल कोण भरतं? बंदराने जहाजाला उतरू दिलं नाही तर भरपाई काय? यातल्या एखाद्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं नाही, तरी ते मी नकार म्हणूनच धरते.

तिकीट तुम्ही थेट कंपनीकडून, आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या ओळखीच्या एजंटकडून काढू शकता. एजंटकडून काढलंत तर परतावा कोणाच्या खात्यातून येणार आणि एजंटचं कमिशन त्यातून कापलं जाणार का, हे पावतीवर लिहून घ्या. जाहिरातीतल्या भाड्यात बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर धरलेले आहेत का, तेही पाहा. जेवण बहुधा धरलेलं असतं. वाय-फाय, मद्य आणि किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे वेगळे.

सफर निवडताना मी मुंबई-गोवा-मुंबई सुचवते, लक्षद्वीप नाही. लक्षद्वीप सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथे जहाज दूर समुद्रात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्याला जातात. आजारी माणसाला मोठं रुग्णालय तिथून फार लांब पडतं. गोव्याच्या वाटेवर किनारा सदैव हाकेवर असतो.

परदेशी क्रूझबद्दल विचारणाऱ्यांना माझं उत्तर तेव्हा नाही असंच होतं. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून बंद होती, फक्त बबल करारांची, म्हणजे ठरावीक देशांशी केलेल्या खास करारांची विमानं चालत होती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ३० डिसेंबर २०२१ ला तर लस घेतलेल्यांनाही क्रूझ टाळायला सांगितलं होतं. पॅकेजवर तेव्हाचा ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडून गोळा करतो तो कर, भरायचा आणि वर परक्या देशात विलगीकरणाचं बिल, हे आपल्या खिशाला झेपणारं नव्हतं.

खोली

पैसे कुठे वाचवायचे असतील तर ते खोलीवर वाचवू नका. सगळ्यात स्वस्त खोली आतल्या बाजूची असते, तिला खिडकीच नसते. एरवी मी तीच घ्या म्हटलं असतं, कारण झोपण्यापुरतंच आत यायचं असतं. पण विलगीकरणाची वेळ आली तर बिनखिडकीच्या खोलीत दिवस काढणं माणसाला आतून पोखरतं. बाल्कनी उत्तम, ती परवडत नसेल तर निदान समुद्र दिसणारी खिडकी हवी. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेलं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचं आहे. त्या काळच्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असत, म्हणून लवकर पाहा. ज्यांना बस लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तिथे हेलकावे कमी बसतात.

विमा

तुमच्या आरोग्य विम्यात कोविडच्या रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च धरलेला असतोच. नसेल विमा, तर 'कोरोना कवच' ही कोविडची पॉलिसी तेव्हा ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत मिळत होती. त्यात किमान २४ तास दाखल झाल्यास खर्च मिळायचा, घरी घेतलेल्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्चही मिळायचा. मात्र पहिले १५ दिवस प्रतीक्षेचे असायचे, म्हणून निघण्याच्या तीन आठवडे आधी घ्यावी लागायची. सहल रद्द होण्याचं नुकसान त्यात येत नव्हतं. त्यासाठी वेगळा प्रवास विमा लागतो आणि त्यात "कोविड पॉझिटिव्ह आल्यामुळे रद्द" हे कारण स्पष्ट लिहिलेलं हवं. हॉटेलातल्या विलगीकरणाचं बिल बहुतेक ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी थोडी रोख आणि कार्डावर मर्यादा मोकळी ठेवा.

चाचणीचं घड्याळ

इंदूरकरांची खरी कसोटी इथे आहे. मुंबईचा माणूस सकाळी रिपोर्ट घेऊन दुपारी बंदरावर जातो. आपल्याला मध्ये एक रात्र गाडीत काढायची असते.

समजा कंपनीने ४८ तासांतला रिपोर्ट मागितला आहे आणि शनिवारी दुपारी २ वाजेपर्यंत बंदरावर हजर व्हायचं आहे. मग नमुना गुरुवारी दुपारी २ नंतरच द्यायचा. अवंतिका एक्सप्रेस शुक्रवारी संध्याकाळी इंदुरातून सुटते आणि शनिवारी पहाटे मुंबई सेंट्रलला पोचते. म्हणजे गुरुवारी दुपारी नमुना आणि शुक्रवारी दुपारपर्यंत रिपोर्ट, एवढीच खिडकी तुमच्या हातात आहे. ४८ तास नमुना दिल्यापासून मोजतात की रिपोर्ट निघाल्यापासून, हे कंपनीला विचारा. लॅबला आठवडाभर आधी फोन करून ठेवा आणि शुक्रवारी रिपोर्ट किती वाजता मिळेल ते विचारा. लॅबला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संस्थेची मान्यता हवी आणि रिपोर्टवर क्यूआर कोड हवा. शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत रिपोर्ट आला नाही तर काय करायचं, हे गुरुवारीच ठरवा. शनिवारी सकाळच्या विमानाची चौकशी करून ठेवलेली असली की निभावतं, कारण विमानाला मुंबईपर्यंत सव्वा-दीड तासच लागतो.

बुधवारी सगळ्यांनी घरच्या घरी अँटिजेन किटने तपासून घ्या. कोव्हिसेल्फसारखं किट औषधांच्या दुकानात तेव्हा २५० रुपयांच्या आसपास मिळायचं आणि १५ मिनिटांत निकाल द्यायचं. तिथेच पॉझिटिव्ह निघालात तर रद्द करायला दोन-तीन दिवस हाताशी राहतात. आधीच्या आठवड्यात लग्नाची पंगत, सराफ्यातली रात्रीची गर्दी, जिम टाळा. हे कठीण आहे, मला माहीत आहे. पण निघण्याआधी लागण झाली तर सहलही जाते आणि पैसेही.

कागदांमधली नावं आत्ताच जुळवून पाहा. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक आडनाव, कोविन या लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर दुसरं, आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मध्ये तर कधी गायब, असं सर्रास असतं. कोविनवर 'रेझ अ‍ॅन इश्यू' मध्ये जाऊन नाव, जन्मवर्ष, लिंग तेव्हा दुरुस्त करता येत होतं. लॅबच्या फॉर्मवर अर्जदाराने घाईत घातलेलं घरचं नाव चालत नाही, आधारप्रमाणेच लिहा.

इंदूर ते बंदर

रेल्वेच्या एसी डब्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये चादर, ब्लँकेट, उशी मिळत नव्हती. एक शाल आणि पातळ चादर बरोबर घ्या. जेवण घरून न्या, पण सगळ्या कुटुंबाने एकाच वेळी मास्क काढून डबे उघडू नका. निम्मे जेवा, निम्मे मास्क लावून बसा. एन९५ मास्क रात्रभर लावून झोपणं अवघड वाटत असेल तर वरचा बर्थ घ्या आणि निदान शेजारी लोक जागे असेपर्यंत तरी काढू नका. महाराष्ट्रात शिरताना तेव्हा दोन्ही डोसचं प्रमाणपत्र पुरत होतं.

आता आत्याचा प्रश्न. मुंबईला उतरायचं म्हणजे दादरला किंवा डोंबिवलीला कुणीतरी असतंच, आणि "हॉटेलात का उतरलात" असा रागही असतो. या वेळी तिला आधीच फोन करून सांगा: "आत्या, चाचणी होऊन निघालोय, मध्ये कुणाकडे उतरायचं नाही असं ठरलंय. उन्हाळ्यात नक्की येऊ." तुम्ही तिच्याकडून काही घेऊन जहाजावर जाऊ नये आणि गाडीतून काही घेऊन तिच्या घरी जाऊ नये, दोन्ही महत्त्वाचं. पहाटे उतरल्यावर बंदराजवळ चार-पाच तासांसाठी खोली घ्या, आंघोळ करा, आणि वेळ झाली की टॅक्सीने बॅलार्ड पिअरला जा.

सामानात नेहमीच्या गोष्टींखेरीज माणशी रोज एक या हिशेबाने मास्क, ऑक्सिमीटर, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस आणि नेहमीची औषधं ठरल्यापेक्षा दहा दिवस जास्त. समुद्र लागू नये म्हणून गोळी कोणती आणि कधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. शेव-चिवड्याचं बंद पाकीट तपासणीत विचारून घ्या.

जहाजावर

चढल्यावर सुरक्षेची कवायत असते. तिला दांडी मारू नका, मास्क लावून कडेला उभे राहा. दिवसाचा जास्तीत जास्त वेळ उघड्या डेकवर घालवा. समुद्राची हवा, ऊन, क्षितिजापर्यंत पाणी, यासाठीच तर आपण एवढं करून आलो. बंद सभागृहातले कार्यक्रम, कॅसिनो आणि डिस्को सोडून द्या. तिथे माणसं मोठ्याने बोलतात, हसतात, मास्क उतरवतात. जेवायला दार उघडताच किंवा बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा. लिफ्टऐवजी जिना वापरा. हात साबणानेच धुवा, कारण जहाजांवर जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. वाढणाऱ्या, खोली झाडणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोरही मास्क लावा. तुम्ही दोन-तीन दिवसांत घरी जाल, ते महिनोन्महिने त्याच जहाजावर राहतात.

घसा खवखवला, अंग दुखलं, तर दवाखान्यात चालत जाऊ नका. खोलीतल्या फोनवरून कळवा आणि तिथेच थांबा. बरेच जण अशा वेळी लपवतात, सहल बिघडेल म्हणून. लपवलेला ताप दुसऱ्याच्या आईपर्यंत पोचतो, हे लक्षात ठेवा. रुग्णाबरोबर कोण थांबणार आणि मुलांना कोण सांभाळणार, हे आधीच ठरलेलं असेल तर पुढचं सगळं शांतपणे होतं. ऑक्सिजन दर चार-सहा तासांनी मोजून वेळेसह लिहून ठेवा. ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवा. दाखल करायची वेळ आली तर विमा कंपनीला २४ तासांच्या आत कळवायचं असतं, आणि समुद्रात मोबाइलला रेंज नसते. म्हणून इंदुरातल्या एका जबाबदार माणसाकडे पॉलिसीचे क्रमांक, सगळ्यांचे आधार आणि डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवा. जहाजावरून त्याला एक निरोप गेला की बाकीचे फोन तो करेल.

परतल्यावर

मुंबईत उतरून त्याच संध्याकाळच्या गाडीने निघा, मध्ये खरेदीला रेंगाळू नका. घरी आल्यावर आजी-आजोबांपासून आठवडाभर वेगळं राहा, त्यांच्याजवळ जावं लागलं तर मास्क लावूनच. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरच्या किटने तपासा. लक्षणं असूनही किट निगेटिव्ह दाखवत असेल तर आरटी-पीसीआर करा. पॉझिटिव्ह आलात आणि त्रास सौम्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या ५ जानेवारी २०२२ च्या सूचनेप्रमाणे चाचणीपासून किमान सात दिवस घरात वेगळं राहायचं, त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको. जहाज कंपनीलाही कळवा, म्हणजे तुमच्या टेबलावर बसलेल्यांना सावध करता येईल. बोर्डिंग पास, चाचणीचे रिपोर्ट, दवाखान्याची बिलं आणि कंपनीचे ईमेल विम्याचा निकाल लागेपर्यंत एकाच पिशवीत ठेवा.